गुणतक्ता खालून वाचताना

दरवर्षी मे महिन्यातल्या एका शनिवारी, आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजले की तिकडे युरोपात नऊच्या ठोक्याला युरोव्हिजन गीतस्पर्धेची अंतिम फेरी सुरू होते. पंचवीस-सव्वीस देश, प्रत्येकाचं एक नवं गाणं, तेही तीन मिनिटांच्या आत. मग मतमोजणी. निकाल लागेपर्यंत इथे पहाटेचे साडेचार वाजतात आणि दूधवाल्याची वेळ होत आलेली असते. घरातले सगळे झोपलेले असताना मी हे सगळं बघते, आणि बघितल्यावर पहिलं काम करते ते म्हणजे गुणतक्ता खालून वर वाचायला घेते.

विजेत्यांबद्दल मला आकस नाही. पण विजेत्यांचं सगळं लिहून झालेलं असतं. स्वीडनच्या आबानं 1974 साली 'वॉटर्लू' गाऊन स्पर्धा जिंकली आणि जग जिंकलं, स्वित्झर्लंडकडून गायलेली सेलिन दिआँ 1988 साली एका गुणानं जिंकली, हे कुणालाही ठाऊक असतं. तक्त्याच्या तळाशी जी गाणी पडलेली असतात, त्यांचं पुढे काय झालं हे शोधायला गेलं की युरोपचा गेल्या सत्तर वर्षांचा एक वेगळाच इतिहास हाती लागतो. त्यातलं एक गाणं तर आपल्या गोव्यापर्यंत येऊन पोचतं.

पहिल्या वर्षी मात्र तक्ताच नव्हता. 24 मे 1956 रोजी स्वित्झर्लंडमधल्या लुगानो गावी ही स्पर्धा पहिल्यांदा झाली. महायुद्ध संपून अकरा वर्षं झाली होती. युरोपातल्या सरकारी आणि सार्वजनिक प्रसारण संस्थांनी 1950 साली आपला एक संघ स्थापन केला होता, आणि एका देशातला कार्यक्रम अनेक देशांत एकाच वेळी दाखवता येतो का, हे त्यांना करून बघायचं होतं. इटलीत सान रेमोचा गीतमहोत्सव 1951 पासून लोकप्रिय झालेला होताच. तोच नमुना समोर ठेवला गेला. संघाचे स्विस अधिकारी मार्सेल बेझांसाँ यांच्याकडे या कल्पनेचं पितृत्व जातं. सात देश आले, प्रत्येकानं दोन गाणी सादर केली. प्रत्येक देशाचे दोन परीक्षक, मतदान गुप्त, आणि स्वतःच्या देशाला मत द्यायलाही मुभा! लक्झेंबर्गचे परीक्षक आलेच नाहीत, तर त्यांची मतं स्विस परीक्षकांनी दिली. यजमान स्वित्झर्लंडची लिस आसिया जिंकली. तिच्याखाली कोण होतं, कुणाला किती मतं पडली, हे आजतागायत जाहीर झालेलं नाही. त्या कार्यक्रमाचं संपूर्ण चित्रीकरणही उरलेलं नाही. तेव्हा घरोघरी टीव्ही नव्हतेच. बहुतेकांनी ती स्पर्धा रेडिओवर ऐकली.

दुसऱ्या वर्षापासून फोन आला. फ्रँकफुर्टच्या मंचावरून निवेदिकेनं एकेका देशाला फोन लावायचा, तिकडून परीक्षकांनी गुण सांगायचे आणि समोरच्या फळ्यावर आकडे हलायचे. हा प्रकार लोकांना गाण्यांइतकाच आवडला. आपल्याकडे रेडिओ सिलोनवरच्या बिनाका गीतमालेत गाणी एकेक पायदान वर सरकताना ज्या उत्कंठेनं लोक कान लावून बसायचे, तीच ही उत्कंठा; फरक एवढाच की इथे प्रत्येक पायदानावर एक देश उभा होता. त्याच वर्षी इटलीच्या गायकानं पाच मिनिटांहून लांब गाणं गायलं, आणि तीन मिनिटांची मर्यादा पुढे काटेकोरपणे पाळली जाऊ लागली ती तेव्हापासून.

1958 साली तिसऱ्या क्रमांकावर राहिलेलं इटलीचं गाणं म्हणजे दोमेनिको मोदुन्योचं, पुढे 'व्होलारे' या नावानं जगभर गाजलेलं. अमेरिकेत पहिलेवहिले ग्रॅमी पुरस्कार दिले गेले, तेव्हा वर्षातलं सर्वोत्कृष्ट गीत आणि सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिका हे दोन्ही मान याच गाण्याला मिळाले. त्या वर्षी पहिलं कोण आलं होतं, हे मला अजूनही दर वेळी आठवावं लागतं.

पण मला सांगायचं आहे ते पोर्तुगालबद्दल.

पोर्तुगाल या स्पर्धेत पहिल्यांदा उतरला तो 21 मार्च 1964 रोजी, कोपनहेगनमध्ये. गायक आंतोनियु काल्वारियु. गुण मिळाले शून्य. त्याच रात्री दोन गाण्यांच्या मधल्या वेळात एक तरुण मंचावर चढला. त्याच्या हातातल्या फलकावर लिहिलं होतं, फ्रँको आणि सालाझार यांच्यावर बहिष्कार टाका. स्पेनचा हुकूमशहा आणि पोर्तुगालचा हुकूमशहा. त्याला खाली उतरवेपर्यंत घरी बसलेल्या प्रेक्षकांना काय दाखवलं गेलं? गुणफलक. कॅमेरा सरळ आकड्यांच्या फळ्याकडे वळवला गेला. मंचावर एक माणूस दोन देशांतल्या दडपशाहीबद्दल बोलतो आहे आणि युरोप रिकाम्या रकान्यांकडे बघतो आहे. त्या रात्रीचं पूर्ण चित्रीकरण आज उपलब्ध नाही, ध्वनिमुद्रण आहे. ते दृश्य मी कधी पाहिलेलं नाही, पाहणं शक्यही नाही, तरी या स्पर्धेचा विषय निघाला की मला सगळ्यात आधी तेच आठवतं.

कारण त्या मार्च महिन्यात सालाझारच्या तुरुंगात आपला एक माणूस होता. मोहन रानडे. सांगलीचा हा तरुण गोव्यात शिक्षक म्हणून गेला, आझाद गोमंतक दलात सामील झाला आणि 1955 च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. पुढे त्याला पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात डांबलं. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला. रानडे मात्र सुटले नाहीत. ज्या भूमीसाठी ते आत गेले ती मोकळी होऊन वर्षं उलटली तरी ते आतच होते. त्यांच्या सुटकेसाठी इथे ज्यांनी जिवाचं रान केलं, त्यांत सुधीर फडके होते. हो, आपले बाबूजी. रानडे सुटले ते जानेवारी 1969 मध्ये. म्हणजे 1964 पासून 1968 पर्यंत दर वसंतात पोर्तुगालचा गायक किंवा गायिका नीटनेटके कपडे करून युरोपसमोर प्रेमगीत गात होते, आणि त्याच देशाच्या राजधानीबाहेरच्या किल्ल्यात मराठी बोलणारा एक कैदी दिवस मोजत होता.

आमचं मूळ गाव सावंतवाडीकडचं. आजोबा 1955 च्या गोवामुक्तीच्या सत्याग्रहात गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत जाऊन आलेले. सालाझार हे नाव आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारलं जायचं, की लहानपणी मला तो गावातलाच कुणी दुष्ट सावकार वाटायचा. त्यामुळे युरोव्हिजनच्या इतिहासात कोपनहेगनच्या त्या फलकावर हे नाव वाचलं तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उठले. आजोबा तेव्हा हयात नव्हते. कुठल्याशा डॅनिश सभागृहात, त्यांच्या सत्याग्रहानंतर नऊ वर्षांनी, एक अनोळखी पोरगा त्याच माणसाविरुद्ध उभा राहिला होता, हे त्यांना सांगायला मला फार आवडलं असतं.

हुकूमशहांना ही स्पर्धा हवीहवीशी वाटायची, यात नवल नाही. रंगीत दिवे, पाहुणे, टाळ्या. घरात काय शिजतंय ते कुणाला दिसत नाही. 1968 साली स्पेनकडून गाण्यासाठी जुआन मानुएल सेर्रात याची निवड झाली होती. त्याला आपल्या मातृभाषेत, कातालानमध्ये गायचं होतं. फ्रँकोच्या राजवटीत ते खपणार नव्हतं. त्यानं माघार घेतली, ऐनवेळी मासिएल नावाच्या गायिकेला पाठवलं गेलं, तिनं तेच गाणं स्पॅनिशमध्ये गायलं आणि ब्रिटनच्या क्लिफ रिचर्डला एका गुणानं हरवून ती जिंकली. पुढच्या वर्षी स्पर्धा माद्रिदला. फ्रँकोच्या दारात जायचं नाही म्हणून ऑस्ट्रिया आलाच नाही. आणि तिथे भलताच घोळ झाला: चार देशांना प्रत्येकी अठरा मतं, बरोबरी सोडवायचा नियमच नाही, म्हणून चार विजेते! यजमान स्पेनही त्यातच. सेर्रातचं नाव मात्र कुठल्याच तक्त्यात नाही, तळाशीही नाही.

आता 6 एप्रिल 1974 ची रात्र. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं ब्रायटन. आबाचे चौघं चमचमत्या कपड्यांत, त्यांचा वाद्यवृंदसंचालक नेपोलियनच्या वेषात. लोकांच्या लक्षात राहिली ती ही रात्र. पण त्या एका रात्रीत किती काय दडलेलं होतं! फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष पाँपिदू चार दिवसांपूर्वी वारले होते, म्हणून फ्रान्सनं माघार घेतली होती. इटलीच्या जिल्योला चिंक्वेत्तीचं गाणं दुसरं आलं, पण खुद्द इटलीत ते दाखवलं गेलं नाही. तिथे घटस्फोटाच्या कायद्यावर मे महिन्यात सार्वमत होतं, गाण्यात पुन्हापुन्हा 'हो' येत होतं आणि त्याचा मतदारांवर परिणाम होईल अशी भीती प्रसारकांना वाटली. एका प्रेमगीतातल्या होकाराला सरकारी दूरदर्शन एवढं घाबरलं.

आणि पोर्तुगाल? पाउलु द कार्वाल्यु. गाण्याचं नाव 'ई देपॉइश दु अदेउश', निरोपानंतर काय उरतं याबद्दलचं. सतरा देशांत तीन गुणांसह शेवटच्या जागेवर, आणखी तीन देशांच्या जोडीनं. सरळसाधं, थोडं जुन्या धाटणीचं, वर चढत जाणाऱ्या सुरावटीचं विरहगीत. मी ते कितीतरी वेळा ऐकलं आहे. मला ते तीन गुणांचं कधीच वाटलं नाही, पण माझं मन आता तटस्थ राहिलेलं नाही, हेही खरं.

अठरा दिवसांनी, 24 एप्रिलला रात्री अकराला पाच मिनिटं असताना लिस्बनच्या एका रेडिओ केंद्रावरून हे गाणं लागलं. ऐकणाऱ्या सामान्य माणसाला त्यात काही विशेष वाटायचं कारण नव्हतं. नुकतंच युरोपात जाऊन हरून आलेलं गाणं, लागायचंच. पण लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांच्या एका गटासाठी ती खूण होती: तयार राहा. अंगोला, मोझांबिक, गिनी इथली वसाहतींची युद्धं लढून लढून हे अधिकारी विटले होते. खुणेसाठी त्यांना असं गाणं हवं होतं, की ज्याचा सेन्सॉरला वास येणार नाही. ज्या गाण्यात राजकारणाचा लवलेश नाही, जे सगळ्यांच्या ओळखीचं आहे आणि ज्याला कुणी फारसं महत्त्व देत नाही, असं. शेवटच्या क्रमांकाइतकं निर्धोक दुसरं काय असणार? मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी दुसऱ्या केंद्रावरून दुसरं गाणं लागलं, 'ग्रांदोला, विला मोरेना', आणि पलटणी बराकींतून बाहेर पडल्या. दिवस उजाडल्यावर लोक रस्त्यांवर आले, सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं खोचली गेली. अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही त्या एका दिवसात कोसळली.

दोन दिवसांत काशियशच्या तुरुंगाचे दरवाजे उघडले आणि राजकीय कैदी बाहेर आले. तोच काशियश. रानडे पाच वर्षं आधी सुटले होते, पण त्या भिंतींआड त्यांच्यासारखे इतर किती तरी जण होते. आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, 31 डिसेंबर 1974 रोजी, नव्या पोर्तुगालनं दिल्लीत करारावर सही करून गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. गोवा मुक्त होऊन तेरा वर्षं झाली होती. तेरा वर्षं पोर्तुगालचं सरकार ते नाकारत आलं होतं. एका गाण्यानं हे केलं असं मी म्हणणार नाही. राजवटी गाण्यांनी पडत नाहीत, ती लढायांनी थकलेल्या माणसांनी पाडली. पण त्या माणसांनी निघायची वेळ ठरवायला घड्याळाऐवजी जे वापरलं, ते युरोव्हिजनमधलं तीन गुणांचं गाणं होतं. आबाचं 'वॉटर्लू' मला मनापासून आवडतं. तरी 1974 चा खरा विजेता कोण, असं मला कुणी विचारलं तर मी क्षणभरही थांबणार नाही.

पुढच्या वर्षी गुणांची पद्धत बदलली: प्रत्येक देशानं दहा गाण्यांना एक ते आठ, मग दहा आणि बारा असे गुण द्यायचे. तीच आजही चालू आहे. इतके गुण वाटले जात असताना शून्य मिळणं अवघड व्हायला हवं होतं, पण 1978 साली पॅरिसमध्ये नॉर्वेच्या यान टायगेननं तेही करून दाखवलं. तो मायदेशी परतला तो लाडका होऊन. त्याचं गाणं नॉर्वेत तुफान चाललं, आणि 1982 आणि 1983 अशी दोन वर्षं तो पुन्हा स्पर्धेत उतरला. शून्याचा असा सत्कार करणाऱ्या देशाबद्दल मला कायमचा जिव्हाळा वाटत आला आहे. त्याच पॅरिसच्या रात्री इस्राएल पहिल्यांदा जिंकला, तर जॉर्डनच्या दूरदर्शननं इस्राएलच्या गाण्याच्या वेळी पडद्यावर फुलं दाखवली आणि निकाल कळताच प्रक्षेपणच आवरतं घेतलं. पुन्हा तेच, 1964 सारखं: नको ते दिसलं की कॅमेरा दुसरीकडे.

1982 च्या तक्त्याची दोन टोकं तर शेजारी शेजारी ठेवून बघावीत अशी आहेत. शीतयुद्ध भरात होतं, युरोपात नवी अण्वस्त्रं आणून ठेवायची तयारी चालली होती. जर्मनीची सतरा वर्षांची निकोल पांढरी गिटार मांडीवर घेऊन बसली आणि थोडी शांतता मागणारं गाणं गायली. भरघोस गुण, जर्मनीचा पहिला विजय. फिनलंडचा कोयो लाल कपड्यांत येऊन ढोलाच्या दणदणाटात गायला, आणि त्याच्या गाण्याचा आशय असा, की युरोपवर बॉम्ब पडला तर पडू दे, आपण झोपून राहू. शून्य. दोघंही एकाच भीतीबद्दल गात होते. एकीनं ती गोंजारून सांगितली, दुसऱ्यानं ओरडून. मतं कुणाला मिळणार हे उघडच होतं. गाणं म्हणून कोयोचं गाणं फारसं चांगलं नाही, हे मी मान्य करते. पण फिनलंडसारख्या सोव्हिएत सीमेला चिकटून राहिलेल्या देशातून तो कर्कश आवाज का आला असेल, हे एकाही परीक्षकाच्या कानाला जाणवू नये याचं मला वाईट वाटतं.

मग येतं 1993.

तीन वर्षं आधी, 1990 च्या मेमध्ये, स्पर्धा झाग्रेबला झाली होती. तेव्हा झाग्रेब युगोस्लाव्हियात होतं. इटलीचा तोतो कुतुन्यो संयुक्त युरोपबद्दल गाऊन जिंकला होता, सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला होता. वर्षभरात युगोस्लाव्हिया फुटायला लागला. 1992 च्या एप्रिलपासून बोस्नियाची राजधानी सारायेव्होला वेढा पडला. जवळजवळ चार वर्षं तो उठला नाही. पाणी नाही, वीज नाही, टेकड्यांवरून तोफा, चौकाचौकांत नेमबाज.

त्या वेढ्यातून बोस्नियाचा संघ स्पर्धेला निघाला. गायक फाझला, गाणं सगळ्या जगाच्या वेदनेबद्दलचं. शहराबाहेर पडायचा मार्ग विमानतळाच्या धावपट्टीवरून होता, तोही रात्री, गोळीबाराच्या टप्प्यातून पळत. ज्यांनी तो पळून पार केला, ते आधी स्लोव्हेनियातल्या लुब्लियानाच्या पात्रता फेरीला आणि तिथून निवड झाल्यावर आयर्लंडला पोचले. त्यांचा वाद्यवृंदसंचालक बाहेर पडू शकला नाही. आयर्लंडमध्ये नोएल केलेहान यांनी त्याच्या जागी उभं राहून वाद्यवृंद सांभाळला.

आणि कुठे आले होते हे सगळे? मिलस्ट्रीट नावाच्या, दीड हजार वस्तीच्या एका आयरिश गावी. तिथल्या एका उद्योजकानं, आदल्या वर्षी आयर्लंड जिंकला त्याच रात्री प्रसारकांना पत्र लिहून आपलं घोड्यांच्या स्पर्धांचं बंदिस्त मैदान फुकट देऊ केलं होतं. राजधानी सोडून अशा गावात पंचवीस देशांची स्पर्धा! ब्रिटनमधल्या एका वृत्तनिवेदकानं त्या जागेला गोठा म्हटलं आणि नंतर माफी मागितली. गावानं मात्र पाहुण्यांचं असं काही केलं की आजही मिलस्ट्रीटचं नाव काढलं की जुने प्रेक्षक हळवे होतात.

मतमोजणी फोनवरच होती. निवेदिका एकेका देशाला पुकारत होती, तिकडून स्वच्छ, खणखणीत आवाज येत होते. मग सारायेव्होची पाळी आली. आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीतून, खूप लांबून, एक आवाज आला. सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. गुण अजून सांगितलेही नव्हते. कुठल्या देशाला बारा मिळणार याचं त्या क्षणी कुणाला काही पडलेलं नव्हतं. तोफांखालच्या शहरातून कुणीतरी जिवंत माणूस, ठरल्या वेळी, ठरलेलं काम करायला फोनवर आला होता. हा तुकडा आजही बघायला मिळतो. त्यात चित्र म्हणून काही नाहीच, निवेदिकेचा चेहरा, गुणफलक आणि तो आवाज. दर वेळी ऐकताना ती खरखर मला जरा जास्तच लांब वाटते, जणू या वेळी फोन लागणार नाही. लागतो. आवाज गुण वाचून दाखवतो, शांतपणे, एकापासून बारापर्यंत.

त्या रात्री खरोखर ज्यांचा फोन लागला नाही ते होते माल्टाचे परीक्षक. त्यांना शेवटी घेतलं, आणि योगायोग असा की विजेता त्यांच्याच मतांवर ठरायचा राहिला होता. आयर्लंड ब्रिटनच्या अकरा गुणांनी पुढे होता. माल्टानं बारा गुण आयर्लंडला दिले आणि नीव कॅव्हना जिंकली. बोस्निया सोळावा आला. पुढच्या वर्षीपासून उपग्रहाद्वारे प्रत्येक देशाचा प्रतिनिधी पडद्यावर दिसू लागला, मागे त्या त्या राजधानीचं झगमगतं दृश्य घेऊन. फोनवरची मोजणी संपली. तिचं शेवटचं वर्ष सारायेव्होच्या वाट्याला आलं, हे मला योग्य वाटतं.

त्याच लुब्लियानाच्या पात्रता फेरीत एस्टोनिया बाद झाला होता. सोव्हिएत काळात एस्टोनियाच्या उत्तर भागातले लोक अँटेना फिरवून फिनलंडचं दूरदर्शन चोरून बघायचे आणि त्यातून त्यांना ही स्पर्धा दिसायची. 1988 मध्ये तालिनच्या गीतमैदानात लाखोंनी जमून, गाणी म्हणतच त्यांनी स्वातंत्र्याची मागणी केली. 2001 साली एस्टोनिया स्पर्धा जिंकला. पात्रता फेरीतल्या अपयशापासून विजयापर्यंत आठ वर्षं.

स्पर्धा राजकारणापासून दूर आहे, असं आयोजक कायम सांगत आले आहेत. मला हे कधीच पटलं नाही, आणि मला वाटतं त्यांनाही ते पूर्णपणे पटत नसावं. 2016 साली युक्रेनची जमाला जिंकली ते गाणं 1944 मध्ये स्टालिननं क्रिमियातून हुसकावलेल्या तातारांबद्दल होतं, तिच्या स्वतःच्या पणजीच्या आठवणींतून आलेलं. 2022 मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला तेव्हा दुसऱ्याच दिवशी रशियाला स्पर्धेबाहेर काढलं गेलं आणि मे महिन्यात प्रेक्षकांनी युक्रेनवर 439 गुणांचा वर्षाव केला. तो निर्णय बरोबर होता. पण मग गाझा बेचिराख होत असताना इस्राएलच्या सहभागाबद्दल तोच प्रश्न विचारला गेला, आणि उत्तर वेगळं आलं. 2025 च्या डिसेंबरात स्पेन, नेदरलँड्स, आयर्लंड, स्लोव्हेनिया आणि आइसलँड या पाच देशांनी व्हिएन्नाच्या स्पर्धेतून माघार जाहीर केली. नेदरलँड्स म्हणजे लुगानोच्या पहिल्या सातांतला देश. आयर्लंड, ज्यानं मिलस्ट्रीटमध्ये सारायेव्होचा फोन घेतला. स्लोव्हेनिया, जिथे फाझलाची निवड झाली. ही नावं मी एकापाठोपाठ एक वाचली तेव्हा मला फार त्रास झाला. त्यांनी न जाणं मला समजतं, मी त्यांच्या बाजूची आहे. स्पर्धेवर माझं प्रेम आहे म्हणूनच आहे.

पोर्तुगालचं राहिलं. 2017 मध्ये, पहिल्या शून्यानंतर त्रेपन्न वर्षांनी, पोर्तुगाल पहिल्यांदा जिंकला. साल्वादोर सुब्राल, हृदयाच्या आजारानं इतका थकलेला की सुरुवातीच्या सरावांना त्याच्या जागी त्याची बहीण लुईझा उभी राहत होती. गाणंही तिचंच. कसलाही देखावा नाही, आगीचे फवारे नाहीत, इंग्रजी नाही. 758 गुण, तेव्हापर्यंत कुणालाही न मिळालेले. डिसेंबरात त्याच्यावर हृदयप्रत्यारोपण झालं. मेमध्ये लिस्बनला स्पर्धा भरली आणि तो नव्या हृदयानिशी येऊन गायला. त्या लिस्बनच्या तक्त्यात शेवटचा क्रमांक कुणाचा होता, तर यजमान पोर्तुगालचाच. आपल्या दिवंगत आजीसाठी एका मुलीनं लिहिलेलं, बागेबद्दलचं गाणं. तेही ऐकून बघा.

2023 पासून स्पर्धेत नसलेल्या देशांतल्या प्रेक्षकांनाही मत देता येतं. भारत, ब्राझील, जपान, नायजेरिया, सगळ्यांची मतं एकत्र मोजून त्यांचं वजन एका देशाइतकं धरतात, म्हणजे माल्टाइतकं. कुणाला हा अपमान वाटतो. मला नाही वाटत. बाहेरून कान लावून बसणाऱ्यांना एवढी जागा मिळाली हेच पुष्कळ. 2025 मध्ये बाझेलच्या स्पर्धेत मी कार्डानं पैसे भरून यजमान स्वित्झर्लंडच्या झोए मेला मत दिलं. फ्रेंचमधलं संथ, एकटीनं म्हटलेलं गाणं. परीक्षकांनी तिला 214 गुण देऊन दुसऱ्या जागेवर नेलं. मग प्रेक्षकांचे गुण जाहीर झाले: शून्य. सगळ्या देशांतून, आमच्या उरलेल्या जगातूनही, एकसुद्धा नाही. ती दहावी आली. पहाटे साडेचारला मी लॅपटॉप बंद केला आणि आईला उठवून ते गाणं ऐकवलं. तिनं दोनदा ऐकलं आणि विचारलं, "हिला कुणीच मत दिलं नाही? आपण दिलं ना?"